टिकलेल्या तुळया

पगारे सर कुठल्याही खुर्चीवर एकदम बसत नसत. आधी तिच्या पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक करत, मान कलती करून ऐकत आणि मगच बूड टेकवत. स्टाफरूममध्ये हेच, कुणाच्या घरी हेच, लग्नाच्या मांडवातही हेच. एकदा प्राचार्यांच्या खोलीत त्यांनी खुर्ची वाजवली तेव्हा प्राचार्य म्हणाले, "पगारे, लोक दार वाजवून आत येतात. तुम्ही आत येऊन खुर्ची वाजवता." सर म्हणाले, "दार येतानाच बघितलं सर. आतून पोखरलंय." पुढं ते दार खरंच बदलावं लागलं.

पोरांनी त्यांना ‘फळकूट सर’ असं नाव ठेवलं होतं. हजेरी घेताना मागच्या बाकावरून कुणी ‘फळकूट’ म्हणून ओरडलं की मान वर न करता ते विचारत, "कुठल्या लाकडाचं?" मग ओरडणाऱ्यालाच हसू आवरत नसे.

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले तेव्हा विभागात दोनच माणसं होती, एक सर आणि दुसरी मी. मी सटाण्याकडची, तोंडानं फटकळ, आणि पहिला वर्ग मिळालेला असल्यामुळं जरा हवेतच होते. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "देवरेबाई, सकाळी गोदावरीवर किती माणसं आंघोळीला येत असतील?" मी म्हटलं, "पुष्कळ." ते म्हणाले, "मोजलेत की ऐकलेत?" हा प्रश्न त्यांनी मला पुढं दहा-बारा वर्षं विचारला. ‘सरासरी म्हणजे अफवा, पसारा बघा’ हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य. सगळ्यांचं मिळून काय होतं हे सांगू नका, कोण किती लांब पडलंय ते सांगा, असा त्याचा अर्थ.

विषय संख्याशास्त्र असला तरी जीव लाकडात होता. त्यांचे वडील मनमाडला रेल्वेच्या गँगमध्ये होते. सर त्यांना दादा म्हणत. रुळाखालच्या लाकडी स्लीपरवर हातोडी मारत दादा चालायचे आणि सांगायचे, हा अजून चालेल, हा गेला. "मी विचारायचो, कशावरून? दादा म्हणायचे, आवाजावरून. मला तेवढं पुरायचं नाही बाई. मला आकडा पाहिजे असायचा." लाकूड म्हातारं कसं होतं, किती वर्षांनी किती झिजतं, आणि ते आधी सांगता येतं का, हे त्यांना शोधायचं होतं.

त्यासाठी त्यांनी कॉलेजच्या गच्चीवर एक संसार मांडला होता. साग, बाभूळ, आंबा, ऐन यांच्या पट्ट्या, काथ्याचे दोर, कौलं, पत्र्याचे तुकडे, एक चपलेचा तळसुद्धा. सगळ्यांवर तैलरंगानं नंबर घातलेले, आणि सगळे ऊनपावसात उघड्यावर. आम्ही त्याला वृद्धाश्रम म्हणत असू. एका गॅदरिंगला नाटकवाल्या पोरांनी त्यातली एक पट्टी काढून राजाच्या सिंहासनाखाली ठोकली. दुसऱ्या अंकात सरांना तैलरंगातला नंबर दिसला. ते सरळ रंगमंचावर चढले, राजाला म्हणाले, "महाराज, जरा उठा," आणि पट्टी घेऊन खाली उतरले. सिंहासन कोसळलं, नाटकाचा बोजवारा उडाला. दुसऱ्या दिवशी पोरं माफी मागायला आली तर सर राजा झालेल्याला म्हणाले, "माफी नको. किती वेळ बसला होतास आणि वजन किती तुझं, ते सांग."

असा हा माणूस. पण हिशेबाच्या बाबतीत त्यांच्या काटेकोरपणाचा मला वैताग यायचा. एकच बेरीज ते मला तीनतीनदा तपासायला लावत. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, चुकलं तर चुकलं. खोडून परत लिहू." त्यांनी कागद खाली ठेवला. "तुम्ही चुकलात तर देवरेबाई चुकल्या. मी चुकलो तर आमच्याकडचे सगळे चुकले. आमच्या चुकीला आडनाव असतं बाई." ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. सर त्यांच्या वस्तीतले पहिले प्राध्यापक, आणि ते तासाला गेले की आमच्या स्टाफरूममध्ये काय काय बोललं जाई ते मी कानांनी ऐकलेलं आहे. बोलणारे दोघेतिघेच असायचे. बाकीचे मूग गिळून चहा प्यायचे. त्या खोलीची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

त्या सुमाराला जुन्या नाशकात बरीच जुनी घरं पाडली जात होती. त्यांच्या तुळया, खांब, चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात येत. सर रविवारी तिथं जायचे. खिशात दाभण असायचं, ते लाकडात टोचून बघायचे. त्या दाभणानं खिसे फाटतात म्हणून सुमनवहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, कायमची तक्रार असे. घर किती जुनं होतं ते मालकाकडून काढून घ्यायचे, तुळईतून पट्टी कापून आणायचे आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती दोन स्टुलांवर आडवी ठेवून मधोमध वजनं टांगायचे. मोडली की आकडा लिहायचा. दोन-तीन वर्षं हेच चाललं होतं.

आणि आकडे काय सांगत होते? लाकूड जितकं जुनं तितकं जास्त वजन पेलत होतं. कागदावर ठिपके मांडले तर रेघ वर चढत जात होती. आम्ही उलटसुलट तपासलं. सगळं बिनचूक होतं. सरांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. गावातल्या वर्तमानपत्रानं बातमी छापली आणि वर मथळा दिला, ‘जुनं ते सोनंच’. मग सल्ले विचारायला लोक यायला लागले. हरसूलच्या पुढं डोंगरात एक पाडा आहे. तिथल्या शाळेला छप्पर घालायचं होतं आणि हातात पैसा बेताचा होता. शाळेच्या भोये गुरुजींनी सरांना विचारलं, जुनं लाकूड घेतलं तर चालेल का? सरांनी कळवलं, निःशंक घ्या, जितकं जुनं तितकं चांगलं. उन्हाळ्यात छप्पर झालं.

पंधरा ऑगस्टला कॉलेजनं सरांचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. वस्तीतली माणसं ट्रक करून आली होती. पहिल्या रांगेत दादा बसले होते, नवा कोट घालून. कोटाच्या बाहीवरची दुकानाची चिठ्ठी काढायची राहिली होती. सर बोलायला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. आम्हाला वाटलं, भरून आलं. आम्ही आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात शाळेचं छप्पर पडलं. तुळई कडकड वाजायला लागली तशी भोये गुरुजींनी पोरांना बाहेर हाकललं. पोरं सगळी वाचली. गुरुजी दारात होते. त्यांचा उजवा हात तुळईखाली सापडला आणि मनगटाच्या खाली काही उरलं नाही.

चौकशी झाली. वाळवी, अतिपाऊस, सुताराचा हलगर्जीपणा, असं सगळं त्यात आलं. सरांचं नाव कुठंच नव्हतं. सर शाल घेऊन प्राचार्यांकडं गेले. मी काही सह्यांसाठी तिथंच उभी होते. प्राचार्य म्हणाले, "पगारे, झालं ते झालं. तुमचं नाव आलेलं नाही." सर म्हणाले, "म्हणूनच आलोय." शाल टेबलावर ठेवून ते निघून गेले. मग त्यांनी वर्तमानपत्राला खुलासा पाठवला, माझा निष्कर्ष चुकीचा आहे, कुणी त्यावर विसंबू नये. तो चार ओळींत छापून आला, विंचूरच्या कांद्याच्या भावाखाली.

आणि मग सुरू झाला तो तास. दर वर्षी नव्या वर्गाला नमुना कसा निवडावा हे शिकवताना सर त्या पडलेल्या तुळईचा, चौकशीवाल्यांकडून मागून घेतलेला, एक तुकडा घेऊन यायचे. वरून लाकूड धडधाकट, आत बोट घातलं तर पीठ. तो तुकडा ते वर्गात फिरवायचे आणि सांगायचे, ही माझी चूक आहे. मी त्या तासाला मागं बसत असे.

"छप्पर पडल्यावर मी चूक शोधत होतो," ते सांगायचे. "आकडे बरोबर, बेरजा बरोबर. मग एक दिवस आंघोळीचं पाणी तापत होतं. बंबात लाकूड जळत होतं, त्यावर मला नक्षी दिसली. कुठल्यातरी जुन्या घराची तुळई होती. मी बायकोला विचारलं, हे कुठनं आणलं? ती म्हणाली, वखारीतून. जुन्या घराचं लाकूड स्वस्त पडतं, पोकळ असतं, भसाभस पेटतं." इथं ते थांबायचे. "कळलं का? शंभर वर्षांत जी तुळई कुजली, ती जळणात गेली. जी टिकली, ती बाजारात आली. मी बाजारातली मोजली आणि म्हटलं, जुनं लाकूड भक्कम असतं. अर्धा नमुना माझ्याच घरच्या बंबात जळत होता, आणि मी रोज त्याच्यावर आंघोळ करत होतो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पोरं तो तास जन्मभर लक्षात ठेवत. काही वर्षांनी गंमत अशी झाली की या तासाचीच कीर्ती झाली. दुसऱ्या कॉलेजांतून सरांना बोलावणी येऊ लागली. स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगायला वाघाचं काळीज लागतं, असं लोक म्हणायचे. पूर्वी चहावर वाकडं बोलणारे आमचे दोघेतिघे आता बाहेरच्यांना सांगायचे, "आमचे पगारे म्हणजे प्रामाणिकपणाचं दुसरं नाव." एकदा कुणीतरी याच गुणासाठी सत्कार ठरवला तर सर चक्क आजारी पडले. ताप वगैरे काही नव्हता. मी भेटायला गेले तर भिंतीकडं तोंड करून पडले होते. सुमनवहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या तासाला तुम्ही नका ना बसत जाऊ बाई. तो तास झाला की हे जेवत नाहीत." मला वाटलं, मास्तर हळवे आहेत.

सर सगळ्यांना सांगायचे, पण भोये गुरुजींना मात्र ते कधी भेटले नव्हते. दर वर्षी श्रावणात ते नाशिकच्या सीबीएस स्टँडवर जाऊन हरसूलच्या एसटीत बसत, हरसूलला उतरून बाजारात थोडं फिरत आणि त्याच गाडीनं परत येत. हे मला त्यांनीच एकदा सांगितलं. पुढं पाड्यापर्यंत पाय निघायचे नाहीत.

ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजचं शिबिर त्या भागात लागलं. मी सरांना म्हटलं, "आता चला माझ्याबरोबर. किती वर्षं बाजार बघून परत येणार?" ते माझ्यामागून चालायला लागले. नागली लावलेल्या उतारावरून पायवाट होती. वाटेत ते दोनदा थांबले. मला वाटलं, दम लागला.

शाळेला आता पत्रे होते आणि ते पेलायला लोखंडी कैच्या. भोये गुरुजी माझ्याहून लहान निघाले, सडपातळ, हसऱ्या डोळ्यांचे. डाव्या हातानं फळ्यावर लिहीत होते आणि अक्षर सुरेख होतं. सरांचं नाव ऐकताच ते बाहेर ओट्यावर आले. उजवी बाही मनगटापाशी दुमडून पिन लावलेली होती. त्यांनी डावा हात छातीशी नेऊन नमस्कार केला.

"सर, तुम्ही आला. लय बरं वाटलं," गुरुजी म्हणाले. "तुमचं पेपरात आलं व्हतं ते मी कापून ठिवलंय. आमचा भाचा तुमच्या कॉलेजात व्हता, त्यानं तासाचं पन सांगितलं. सर, चूक कुनाच्या हातनं व्हत नाय? पन सांगतं कोन? मी तर तवाच मनातनं काढून टाकलं."

मी सरांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता हे रडतील आणि सगळं नीट होईल.

सर म्हणाले, "गुरुजी, बंबाची गोष्ट छप्पर पडल्यावरची नाही."

गुरुजींना कळलं नाही. मलाही कळलं नाही.

"ती आधीची आहे. सत्काराच्या आधीची. बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं की वखारवाला म्हणत होता, हरसूलकडचे शाळेवाले अशाच तुळया गाडीभर घेऊन गेले. मला त्याच सकाळी सगळं कळलं होतं. तुमचं छप्पर कशाचं आहे ते कळलं होतं." सर जमिनीकडं बघत बोलत होते. "मी त्याच दिवशी एसटीत बसायला पाहिजे होतं. पण इकडं आलो असतो तर सत्कार रद्द करावा लागला असता, आणि का ते सांगावं लागलं असतं. दादा मनमाडहून निघाले होते. नवा कोट घेतला होता त्यांनी. सगळी वस्ती येणार होती. म्हटलं, एवढा दिवस जाऊ दे, मग जाऊ. सत्कार झाला. मग म्हटलं, दादा परत जाऊ देत."

आत पोरं कुजबुजत होती. मला त्या सत्काराच्या टाळ्या आठवल्या आणि अंग चोरून कुठंतरी लपावंसं वाटलं. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून मी ज्या कबुलीचं कौतुक केलं होतं, ती अर्धीच होती. चूक सांगून टाकली होती. लाजेपायी घालवलेले दिवस तेवढे त्यांनी लपवले होते, आणि हात त्या दिवसांत गेला होता.

गुरुजींनी बाहीची पिन उगीच चाचपली. म्हणाले, "चूक झाली म्हनून मी सोडलं व्हतं, सर. हे मला ठावं नव्हतं."

"हो."

"आता मी काय करू याचं?"

गुरुजी दाराकडं वळले. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यातला गोडवा गेला होता. "मला एकट्याला कशाला सांगता? त्या दिशी खाली मी एकटा नव्हतो. तवाच्या पोरांची भावंडं बसलीत आत. या, त्यांना सांगा."

मी म्हटलं, "गुरुजी, अहो, लहान मुलं ती…" सरांनी मला हातानं थांबवलं आणि ते आत गेले. मी खिडकीशी उभी राहिले.

पोरं सारवलेल्या जमिनीवर बसली होती. सर फळ्याशेजारी उभे राहिले आणि सवयीनं सुरुवात केली, "एखाद्या पदार्थाचं आयुष्य मोजायचं असेल तर…" गुरुजी मागून म्हणाले, "सोपं सांगा. यांना कळंल असं."

हजारो पोरांना शिकवलेला माणूस, त्याला शब्द सापडेनात. मग म्हणाले, "तुमच्या शाळेचं छप्पर पडणार आहे, हे मला आधी कळलं होतं. मी सांगायला आलो नाही. म्हणून तुमच्या गुरुजींचा हात गेला."

पुढच्या रांगेतली एक मुलगी, दोन वेण्या वर बांधलेली, उभी राहिली. तिनं आधी गुरुजींच्या बाहीकडं पाहिलं, मग सरांकडं.

"मंग तुम्ही का नाय आला?"

"लाज वाटली," सर म्हणाले.

"कशाची?"

"लोक काय म्हणतील याची."

मुलीनं जरा विचार केला. "आता नाय वाटत?"

"वाटते," सर म्हणाले.

ती खाली बसली. मला वाटलं, गुरुजी आता काहीतरी बोलतील, निदान बसा म्हणतील, पाणी देतील. आपल्याकडं दारी आलेल्या वैऱ्यालाही पाणी देतात. गुरुजींनी तसं काही केलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. त्यांनी डाव्या हातात खडू घेतला आणि सरांच्या बाजूला, फळ्याच्या उरलेल्या जागेत, पाढे लिहायला सुरुवात केली. पोरं मोठ्यानं म्हणू लागली. मी शिबिराची वेळ झाली म्हणून दोनदा हाक मारली. सरांनी मान हलवून नको म्हटलं. मी पायवाटेला लागले आणि उतारावर वळून पाहिलं. खिडकीतून सर दिसत होते. हात मागं बांधून, शिक्षा झालेल्या पोरासारखे, फळ्याशेजारी उभेच होते, आणि आत बेचा पाढा चालला होता.